तुरांगासाठी मागितलेलं पाणी

जुलैच्या मध्यावरच तुरांगाचा कापूस उडू लागला आणि रौशान माझ्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या केसांत, भुवयांत पांढरे तंतू अडकले होते.

"अगाय, उडाला," ती म्हणाली. "बी आत्ता आणि पाणी ऑगस्टमध्ये. आता काय करायचं?"

रौशान आमच्या भागाची वनाधिकारी. शाळेत माझ्याकडे भूगोल शिकली, म्हणून अजून मला अगाय, म्हणजे गुरुजी म्हणते. तुरांगा हे आमच्या वाळवंटात नदीकाठी वाढणारं झाड. त्याचं बी कापसातून उडतं आणि थोड्याच दिवसांत ओल्या गाळावर पडलं तरच रुजतं. पूर्वी डोंगरावरचा बर्फ वितळला की नदी काठ सोडून जंगलात शिरायची. विजेसाठी धरण झालं आणि पूर थांबला. तेव्हापासून जंगलात माझ्यासारखी म्हातारी झाडंच उरली. कोवळं रोप शेवटचं कधी पाहिलं, ते मला आठवत नव्हतं.

जंगल वाचवण्याचा आराखडा आम्ही दोघांनी लिहिला. खरं तर तिनंच. मी वाक्यं सरळ केली असतील, तीही तिनं पुन्हा तपासली असतील. धरणातून वर्षाला एक पूर सोडायचा, हे राजधानीनं मान्य केलं आणि जुने हंगाम पाहून ऑगस्टचा पहिला आठवडा ठरवला. पण हल्ली उन्हाळा लवकर तापतो, आणि झाडांना राजधानीचं पत्र जात नाही. गरज पडल्यास धरणप्रमुखानं तारीख अलीकडे आणावी, एवढी सोय आराखड्यात होती.

"तोक्तारकडे मी दोनदा जाऊन आले," रौशान म्हणाली. "आता तुम्ही जा. तुमच्या वयाकडे बघून तरी ऐकेल."

"माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

"मग नुसते उभे राहा. पण जा."

धरणप्रमुख तोक्तारनं (सगळे त्याला आदरानं तोके म्हणतात) मला मानानं बसवलं, चहा दिला. "अगाय, दारं उघडली की ते पाणी यंत्रांवरून जात नाही. तेवढी वीज बुडते. शहरात घरोघरी थंड हवेची यंत्रं चालू आहेत. डोंगरावर बर्फ उरला नाही, जलाशय निम्मा रिकामा. उद्या अंधार झाला तर मान कोणाची जाईल?"

"तेही खरंच आहे," मी म्हणालो. ही माझी जुनी खोड. समोरचा बोलू लागला की मला त्याचंच पटतं.

तो यंत्रघरात निघून गेला. मी बाहेरच्या बाकावर बसून रौशानला काय सांगावं याची वाक्यं जुळवत राहिलो. तेवढ्यात माझी बायको क्युलाश हिचा फोन आला. ती प्रसूतिगृहात सुईण आहे.

"म्हाताऱ्या, पाणी दिलं का त्यानं?"

"नाही. पण त्याचीही बाजू—"

"बाजू राहू दे. तोक्तारच्या सुनेला मुलगा झाला. पहिला नातू! दोघं सुखरूप आहेत. यंत्रघरात त्याचा फोन लागत नाही. पळ, सुइंशी माग."

आम्हा कझाकांत आनंदाची बातमी सर्वांत आधी आणणारा 'सुइंशी!' म्हणून ओरडतो, आणि ऐकणाऱ्यानं 'हवं ते माग' म्हणायचं असतं. तेही चार माणसांत.

"मी ओरडू?"

"मग काय त्याच्या कानात कुजबुजणार? आणि बक्षिसात बोकड घेऊन घरी येऊ नकोस."

"पण हे बरं दिसेल का?"

"सगळा जन्म तुझं हेच ऐकतेय! त्याचा ड्रायव्हर इथं दारात होता, त्यानं बाळाचं रडणं ऐकलंय. तो गाडीत बसला बघ. पळ!"

मी पळालो. माझं ते पळणं कोणी पाहिलं नाही, हे बरंच झालं. यंत्रघरात एवढा आवाज होता की माझा पहिला 'सुइंशी' मलाच ऐकू आला नाही. लांब तोक्तार कामगारांच्या घोळक्यात उभा होता. परत फिरावं, असं वाटलं. मग मी लोखंडी जिन्याच्या दोन पायऱ्या चढलो, कठडा धरला आणि ओरडलो,

"सुइंशी! तोके, सुइंशी!"

सगळी डोकी वळली.

"हवं ते मागा!" तोक्तार तिथूनच गरजला.

"नातू झाला! दोघं सुखरूप!"

"नातू? अहो, डॉक्टर तर ऑगस्ट म्हणत होते!" धावत येऊन त्यानं मला पायरीवरून उचललंच. कामगार टाळ्या पिटू लागले. "बोला अगाय! घोडा देऊ? कोट?"

"पाणी," मी म्हणालो.

"अरे, अगायला पाणी आणा कोणीतरी!"

"मला नको. जंगलाला. आजच."

त्याचा चेहरा उतरला. "सुइंशीत कोणी नदी मागतं का? अगाय, घोडा मागा. माझी अडचण तुम्हाला सांगितली ना मी?"

तेही खरंच आहे, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले.

"तोके, तारीख अलीकडे आणायची मुभा तुम्हाला आहे. तुमचा नातू ऑगस्टपर्यंत थांबला नाही. ते बीही थांबणार नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. एक जुना कामगार म्हणाला, "तोके, तुम्ही बोलून गेलात. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

तोक्तारनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो पोट धरून हसत सुटला. "बोलायला लाजणारा माणूस म्हणून तुम्हाला आत घेतलं मी! वीजवाल्यांना फोन लावा रे. नातवाच्या नावानं दारं उघडायची आहेत."

तेवढ्यात धापा टाकत ड्रायव्हर आत आला. "सुइंशी!"

"उशीर झाला, बाळा," तोक्तार म्हणाला. "अगायनी नदी नेली. तू माझी टोपी घे."

दुपारी धरणाची दारं उघडल्याचा भोंगा वाजला. जंगलात रौशान आणि मी कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी उभे होतो. आधी ओल्या मातीचा वास आला, मग पाचोळा सरसरला, आणि पाणी आलं. तपकिरी, फेसाळ, म्हाताऱ्या खोडांना वळसे घालत. वरून कापूस पडत होता आणि पाणी त्याला कडेकडेनं नेऊन ठेवत होतं. रौशान चिखलात उभी राहून एखाद्या पोरीसारखी ओरडत होती. मीही ओरडलो असेन. शहरात दिवे गेले नाहीत.

हिवाळ्याआधी आराखड्यातली तारीख खोडली गेली. आता तिथं लिहिलंय: 'तुरांगाचा कापूस उडेल तेव्हा.' हे वाक्य माझं आहे. ते रौशाननं बदललं नाही.

पण त्याच्याही आधी, पाणी ओसरून काही आठवडे झाले असताना, आम्ही पुन्हा ओढ्यापाशी गेलो होतो. मी काठ उतरून पुढचं पाऊल उचललं, आणि मागून रौशान किंचाळली,

"अगाय, पाय ठेवू नका! खाली बघा!"

खाली गाळावर नखाएवढी हिरवी पानं होती. पायाशी, पलीकडे, ओढ्याच्या वळणापर्यंत. एक पाय हवेत धरून मी बराच वेळ जागा शोधत राहिलो. कुठंच नव्हती.