अर्ध्या जिन्यातला जावई

क्रिसान्तोबाबांची अट एकच: पोरीला, लिगायाला, मागणी घालायला येणाऱ्यानं जिना चढून घरात आलं पाहिजे. फिलिपिन्समधल्या या बातांगासमध्ये बापजाद्यांची रीतच तशी! आणि तिचा डारियो तिकडे सौदीत, जेद्दाला वेल्डिंग करतोय, लवकर सुट्टी मिळायची नाही. लिगायाला लग्न तर याच वर्षी करायचंय. झाली की नाही पंचाईत?

तोड काढली डारियोच्या आईनं, पुरितानं. रविवारी पुरिता हातात लॅपटॉप धरून अंगणात हजर! मागे शेजारची नेट-कॅफेवाली नेनेंग, कॅफेपासून वायर सोडत सोडत.

"व्याही, मुलगा आणलाय!"

"व्याही कोण? मी अजून हो म्हटलेलं नाही," बाबा जिन्याच्या टोकावरून गुरकावले. "आणि हा डबा कसला?"

"इंटरनेटवरून डारियो बोलतोय," नेनेंग म्हणाली. "तिकडे आवाजाचे बारीक तुकडे होतात, ते इथे येऊन परत जुळतात."

"म्हणजे माझ्या पोरीला तुकड्यातुकड्यांचा नवरा?"

बाबांच्या मागे उभ्या लिगायाला हसू आवरेना, आणि रडूही फुटायच्या बेतात. बाबा आज नाही म्हणाले की संपलंच सगळं.

पुरिता जिना चढू लागली, आणि मध्येच अडली. वायर संपली!

"ओढ ना गं!"

"ओढली तर तुटेल, मग डारियोच जाईल!"

"आई, मी पोचलो का?" लॅपटॉपमधून डारियो विचारत होता.

"अर्ध्या जिन्यात आहेस!" तिघी एकदम ओरडल्या.

"मग राहा तिथेच," बाबा म्हणाले. "अर्ध्यातला जावई मला नको."



"बाबा," डारियो म्हणाला, "तुमचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायचा होता. लिगायाला मी..." आवाज चिरकला, तुटला, गप्प झाला.

"लिगायाला काय? बोल की!" बाबा एक पायरी उतरले. कान पुढे केला. आणखी एक उतरले.

"...कधी रडवणार नाही," आवाज आला, तेव्हा बाबा पुरिताच्या शेजारी उभे होते. सगळ्या त्यांच्या पायांकडे बघत होत्या.

"बघताय काय? ऐकू येत नव्हतं मला!" बाबा खेकसले. मग हळूच हाताची पालथी बाजू त्यांनी पडद्याला टेकवली. "घे रे, लाव कपाळ."

मग, जरा उशिरानं, जेद्दाहून आवाज आला: ठप्प!

"सावकाश, गाढवा," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "लग्नात टेंगूळ घेऊन उभा राहशील."