न आटणाऱ्या तेलाची सुरई

बाकं भरली, भिंतीलगत माणसं उभी राहिली, तरी दारातून लोक आत येतच होते. एके काळी याच चर्चमध्ये रविवारी पाळक, पेटी वाजवणाऱ्या बाई आणि आमच्यासारखी मोजकी घरं एवढीच मंडळी असायची. मग नवे पाळक आले, त्यांनी तांब्याची सुरई आणली आणि बसायला जागा मिळेनाशी झाली.

"लिहिलंय तसं वाचा," पाळकसाहेब सांगत होते. "त्या गरीब विधवेच्या भांड्यातलं तेल संपलं नाही, असं शास्त्रात आहे की नाही? मग संपलं नाही म्हणजे संपलं नाही. काही शहाणे म्हणतात, ते प्रतीक आहे. का हो, देवाला सरळ बोलता येत नाही?"

लोक हसले. पाळकसाहेबांनी सुरईतलं तेल वाडग्यात ओतलं. सुरई पालथी करून हलवली. थेंब पडेना.

"संपलं?"

"संपलं," सगळी मंडळी म्हणाली.

सुरई टेबलावर ठेवली गेली. पेटी वाजली, सगळ्यांनी गीत म्हटलं. गीत संपल्यावर पाळकसाहेबांनी सुरई उचलली आणि पुन्हा धार लागली. माझ्या शेजारच्या आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. दर रविवारी यायचं.

मग रांग लागायची आणि तेलाचं बोट ज्याच्या त्याच्या दुखण्यावर फिरायचं. गुडघे, कंबर, खांदे. गुडघ्यांचं त्यानं काही वाईट झालं नाही, खोटं कशाला बोलू? पण माझ्या आईला काचबिंदू होता.

काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकत जाते. रोज औषधाचे थेंब घातले की दाब आटोक्यात राहतो. न घातले तर कडेकडेनं दिसेनासं होतं, आणि गेलेली नजर परत येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आईला हे माझ्यासमोर समजावून सांगितलं होतं. आई नेमानं थेंब घालायची. घालायची, असं मी तरी धरून चालले होते.

एकदा फ्रिजमध्ये लिंबू शोधताना मला थेंबांची बाटली दिसली. सील तसंच.

"आई, ही फोडलीच नाहीस?"

"तेल लावते ना मी," आई भाजी निवडत म्हणाली. "औषधही घालायचं आणि विश्वासही ठेवायचा, म्हणजे देवावर पाळत ठेवल्यासारखं झालं. पाळकसाहेबच म्हणाले."

"आणि बाबा? बाबांना माहीत आहे?"

"यांना विचारूनच बंद केलं. म्हणाले, तुझी इच्छा."

बाबा तिथंच चहा पीत बसले होते. बाबा तांबट. घराला लागूनच त्यांचं दुकान, आणि चर्चच्या पंचांमध्ये त्यांचं वजन. मी त्यांच्याकडे वळले. "बाबा, तुम्ही तरी काही बोला."

"विश्वासाची गोष्ट आहे, बाळा. त्यात मी काय बोलणार?" ते म्हणाले. चहा अर्धा टाकून उठले आणि सुट्टी असूनही दुकानात जाऊन बसले. मला वाटलं, आईपुढे बिचाऱ्यांचं काही चालत नसेल. चांगलं ओळखलं होतं मी बापाला!

मी पाळकसाहेबांना गाठलं. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि प्रश्न विचारते, म्हणून मंडळीत मला थोमाबाई म्हणतात. जखमेत बोट घातल्याशिवाय न मानणारा तो शिष्य, त्याचं नाव मला चिकटलंय.

"डोळा पापात पाडत असेल तर उपटून टाका, असंही लिहिलंय," मी म्हटलं. "तुमचे दोन्ही शाबूत दिसतात."

ते हसले. "थोमाबाई, तुमच्या विश्वासासाठी मी प्रार्थना करीन."

"माझ्यासाठी नको. आईला थेंब चालू करायला सांगा."

"तो तिचा आणि देवाचा प्रश्न आहे," म्हणाले आणि सुरई कापडात गुंडाळून आत घेऊन गेले. ती ते कुणाच्या हातात देत नसत.

मग कडाक्याची थंडी पडली. त्या रविवारी गीत संपलं, पाळकसाहेबांनी सुरईत डोकावलं आणि म्हणाले, "आणखी एकदा म्हणू या." म्हटलं. त्यांनी पुन्हा डोकावलं. पुन्हा तेच गीत. मी बाकावर ताठ बसले. थंडीत तेल घट्ट होतं, सावकाश वाहतं, हे आमच्या शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. पण चमत्काराला थंडी का वाजावी? कुठून तरी काहीतरी वाहून येत असेल, तरच त्याला उशीर होणार.

पुढच्या रविवारी आईची साक्ष होती. डोळे सुधारले, हे तिनं सगळ्यांसमोर सांगायचं होतं. तिनं चांगली साडी नेसली. पुढे जाताना पायरी तिला दिसलीच नाही. बाबांनी धरलं म्हणून पडली नाही. 

पाळकसाहेबांनी सुरई रिकामी करून दाखवली, टेबलावर ठेवली, पेटी सुरू झाली. मी उठले, सरळ पेटीपाशी गेले आणि भात्यावर हात ठेवला.

"बाई, जरा थांबा. आज गाणं नको."

पेटी थांबली. मंडळी गप्प झाली. आणि त्या शांततेत टेबलावरच्या सुरईतून आवाज आला. गुडगुड, गुडगुड, सावकाश.

"आत काहीतरी भरतंय," आई म्हणाली. सगळ्यात आधी तिलाच ऐकू आलं.

पाळकसाहेब पुढे सरसावले, पण सुरई माझ्या हातात आली होती. तिच्या मुठीच्या आतल्या बाजूला, जिथं धरताना बोट सहज जातं, तिथं बारीकसं छिद्र होतं. मी ते दाबलं. आवाज बंद. सोडलं. पुन्हा गुडगुड. मी सगळ्यांना दाखवलं. सुरईला दोन भिंती होत्या आणि त्यांच्यामध्ये तेल दडवलेलं होतं. छिद्र बोटानं बंद ठेवलं की हवा आत जात नाही, म्हणून ते तेल अडून राहतं आणि बाहेर पडतं फक्त मधलं. सुरई खाली ठेवून बोट काढलं की हवा शिरते आणि कोंडलेलं तेल तळाच्या भोकातून मध्ये येतं. त्याला लागणारा वेळ भरून काढायला आणि आवाज झाकायला गीत.

"अहो, ते प्रतीक होतं," पाळकसाहेब म्हणाले. घाम फुटला होता. "देवाच्या कृपेचं प्रतीक. शब्दशः थोडंच घ्यायचं असतं?"

मागून कुणीतरी खो खो हसलं. मला हसू आलं नाही.

"इकडे दे बघू," आई म्हणाली.

मी सुरई तिच्या हातात दिली. तिनं तळापासून वरपर्यंत बोटं फिरवली. बाबा डावखुरे आहेत. त्यांच्या हातोडीचे ठोके उलट्या बाजूला कलतात, आणि त्यांनी घडवलेलं प्रत्येक भांडं आईनं जन्मभर चिंच लावून घासलंय.

"अहो," ती बाबांकडे वळून म्हणाली, "हे तुमचं काम आहे."

बाबांनी मान खाली घातली. "चर्च ओस पडलं होतं गं. पाळकसाहेब म्हणाले, लोकांना त्या गोष्टीचं नुसतं चित्र दाखवायचंय. मला वाटलं, सगळ्यांना कळतंय."

"मला नव्हतं कळत," आई म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं होतं. थेंब बंद करू का, म्हणून. आपल्या स्वयंपाकघरात विचारलं होतं."

मला बाबांचा इतका राग आला की त्यांच्या शेजारी उभं राहवेना. पाळकांनी फसवलं, ते परके होते. हे तर घरातले.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्यानं नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. आहे ते राखायचं.

शास्त्र अक्षरशः घ्यायचं की प्रतीक मानायचं, यावर खुशाल वाद घाला. मीही घालते. मला त्या तेलाच्या गोष्टीत दिसतात ते शेजारी, ज्यांनी तेल भरायला त्या विधवेला आपली रिकामी भांडी दिली. तुम्हाला दुसरं काही दिसेल. पण कुणी अक्षर म्हणून विकायचं आणि पकडलं गेल्यावर प्रतीक म्हणायचं, तर त्याला तिथंच अडवा. आणि आजाराला औषध द्या. डोळ्याच्या नसेला अक्षरही कळत नाही आणि प्रतीकही.

आता रोज थेंब घालायच्या वेळी बाबा बाटली घेऊन येतात. आई हात पुढे करत नाही. "हिच्याकडे द्या," म्हणते. मग मला म्हणते, "आधी लेबल वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचते. मग ती डोळे उघडते.