टाचेवर आलेला भार

मी बोलतेय, उजव्या पायाची टाच. हसू नका. माणसं चेहऱ्याला क्रीम लावतात आणि माझी आठवण भेगा पडल्यावर काढतात. माझी बाई तशी नाही, म्हणून तर तिच्याबद्दल चार शब्द बोलावेसे वाटले.

बाई अंतराळवीर. दहा महिने आम्ही वर, अंतराळ स्थानकात होतो. तिथे चालायचं नसतंच, तरंगायचं. पहिला आठवडा मजेत गेला. जन्माचं ओझं एकदम उतरलं होतं. मग माझी जाड कातडी सुटायला लागली. एकदा बाईने घाईत मोजा ओढला, तर माझे पापुद्रे थेट वैमानिकाच्या नाकासमोर तरंगत गेले.

"अगं, जेवतोय मी," तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथे घट्टे पडतात ते पावलावर, वरच्या बाजूला, कारण एका जागी थांबायला पाऊल दांडीखाली अडकवावं लागतं. मी मात्र तुकतुकीत झाले आणि आतून ठिसूळ व्हायला लागले. भारच नसेल तर शरीर हाडाकडे लक्ष देत नाही हो.

बाईला हे ठाऊक होतं. ती रोज दोन तास पट्ट्यांनी स्वतःला खाली खेचून ट्रेडमिलवर धावायची. मग वडिलांना फोन. वडील निवृत्त पोस्टमन, आयुष्यभर पायी फिरलेले. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून मात्र खुर्ची सोडायला तयार नव्हते.

"तू ये, मग बघू," एवढंच म्हणायचे. ते कायमचेच बसतील, ही बाईची एकच धास्ती.

परतल्यावर पंधरा दिवसांनी आम्ही घरी आलो. बाईचा तोल अजून सावरला नव्हता. टेबलाशी उभी राहिली आणि सवयीने पाऊल खालच्या दांडीत अडकवलं. वळायला गेली ती धाडकन खाली.

वडील खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. भिंत धरत चार पावलं आले.

"लागलं का गं?"

"बाबा, तुम्ही चाललात."

"मग काय करू? घरात दुसरं आहे कोण?"

त्यांनी हात पुढे केला. बाईने तो धरला, पण त्यांच्या खुब्यावर जोर कसा टाकणार? सगळा भार माझ्यावर आला. ठणकले, पण टिकले. ते रोजचे दोन तास नसते तर काय झालं असतं, कोण जाणे. बाई, तुझे उपकार कसे फेडू?

आता दोघं रोज गल्लीच्या टोकापर्यंत जातात. वडील पुढे, आम्ही मागे. बाई अजून मला जपून टेकवते.

नको गं एवढं जपूस. टाक पूर्ण भार. मी आहे.