फिनिक्स पार्कातला तास

"तुझ्याकडे अजून सतरा मिनिटं आहेत," ओर्ला म्हणाली, आणि माझ्या बायकोच्या हातातला माइक हळूहळू खाली आला.

ओर्ला म्हणजे परीक्षक. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मांडीवर फाइल घेऊन बसलेली. डब्लिनचा टूर गाईड व्हायचं, तर शेवटची परीक्षा अशी चालत्या बसमध्ये द्यावी लागते. चिठ्ठी उचलायची, त्यावर शहराचा जो भाग येईल तो माइकवर सांगायचा. बस भरावी म्हणून प्रत्येक उमेदवारानं घरचं एक माणूस सोबत आणायचं. सुलेखाचं घरचं माणूस म्हणून मी मागून दुसऱ्या सीटवर बसलो होतो, आणि माझा उपयोग तेवढाच होता.

तिच्या चिठ्ठीत फिनिक्स पार्क आलं. वेलिंग्टनचा दगडी स्तंभ, राष्ट्राध्यक्षांचं घर, हरणं, एवढं वीस मिनिटांत. पण पार्कात कसलीशी धावण्याची शर्यत होती, पुढचा रस्ता बंद होता आणि बस स्तंभासमोरच अडकली. स्तंभाची सगळी माहिती हिनं तीन मिनिटांत संपवली. उंची बासष्ट मीटर, पाया अठराशे सतरा, पूर्ण अठराशे एकसष्ट. पुढे राष्ट्राध्यक्षांचं घर, तर ते काही दिसेना.

म्हटलं, झालं, पहिले पाढे पंचावन्न.

कारण गेल्या वर्षी हेच झालं होतं. तेव्हा तिनं अख्खं डब्लिन पाठ केलं होतं, दहावीच्या पोरांनी सनावळ्या पाठ कराव्यात तसं. परीक्षेत ओ'कॉनेल स्ट्रीटवर ट्रॅफिक लागलं, पण हिचं पाठांतर काही थांबेना. बस पोस्ट ऑफिससमोर उभी आणि ही किलमेनमच्या तुरुंगात पोचलेली! लोक खिडकीतून तुरुंग शोधत होते. मी घरी हसून हसून लोटपोट झालो होतो. ती हसली नव्हती. परीक्षा फक्त दोनदा देता येते.

सुलेखा भोकरदन तालुक्यातल्या शाळेत इतिहास शिकवायची. मला इथे लेक्स्लिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून तिनं तिची सोडली. नंतरची चौदा वर्षं ब्युमॉन्टमधल्या एका नर्सिंग होमच्या किचनमध्ये गेली. तिथे मीठ कुठल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, आहे, यापलीकडे तिला कुणी काही विचारलं नाही. गाईडच्या कोर्सचा फॉर्म तिनं आणला, तेव्हा मी काय म्हणालो असेन? "अगं, डब्लिनचा इतिहास तुझ्या तोंडून कोण ऐकणार?" अशी वाक्यं बोलताना फार व्यवहारी वाटतात. आज त्या वाक्याची मला लाज वाटते.

सकाळी निघताना आमची मुक्ता तिला म्हणाली होती, "आई, यू'ल बी ग्रँड. जस्ट टॉक टू देम."

"टॉकच करणारे ना," सुलेखा म्हणाली, आणि वहीत डोकं घालून पुन्हा पुटपुटू लागली.

ती वही आता बंद होती. बसमध्ये कुणीतरी खोकलं. ओर्लानं पेन उचललं.

तेवढ्यात माझ्या पुढच्या सीटवरचे म्हातारेबुवा बोलले. दुसऱ्या कुठल्याशा उमेदवाराचे वडील, डोक्यावर चपटी टोपी, पक्के डब्लिनकर. "एक विचारू का, मिसेस? सत्तर वर्षं मी हा खांब बघतोय. खाली त्या बाजूला पितळी चित्र आहे, त्याच्यावर 'इंडियन वॉर्स' असं लिहिलंय. आता युअर मॅन, हा वेलिंग्टन, आमच्या डब्लिनचा. तो तिकडे इंडियात काय करत होता?"

सुलेखानं त्यांच्याकडे पाहिलं. मग काचेतून स्तंभाकडे.

"आमच्याशी लढत होता," ती म्हणाली. "माझ्या माहेरापासून दीड कोसावर."

"सगळे खाली उतरू या का?" तिनं ओर्लाला विचारलं. ओर्लानं मान हलवली आणि तीसबत्तीस माणसं गवत तुडवत स्तंभाच्या पायथ्याशी गेली. सुलेखानं माइक बसमध्येच ठेवला होता. त्या आवाजाला माइक लागत नाही, हे मी चौदा वर्षांत विसरून गेलो होतो.

"अठराशे तीन साल, सप्टेंबर महिना," तिनं सुरुवात केली. "अजून हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला नाही. नुसता वेलस्ली, चौतीस वर्षांचा. पुढे केळणा नदी, पलीकडे असई गाव आणि आमची मराठ्यांची फौज, याच्या कितीतरी पट. नदी ओलांडायची कुठून? वाटाडे म्हणाले, जवळपास उतार नाही. यानं दुर्बीण लावली. त्याला दिसलं काय? अलीकडे पिंपळगाव, पलीकडे वरूड, समोरासमोर." तिनं दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरले. "आता सांगा. समोरासमोर दोन गावं असली, की मधे काय असणार?"

एका बाईनं चाचरत विचारलं, "पाण्यातून रस्ता?"

"शाब्बास!" हे ती चक्क मराठीत म्हणाली, आणि त्या बाईला बरोबर कळलं. "एका गावची लेक दुसऱ्या गावात दिलेली असते. ती माहेरी जाणार कशी? उतार असलाच पाहिजे. तिथूनच त्यानं फौज पलीकडे नेली. त्या दिवशी आम्ही हरलो. हजारो माणसं पडली, त्यांची नावं या दगडावर नाहीत. माझ्या आईची आई त्याच उतारावर धुणं धुवायची. आमच्या शेजाऱ्यांकडे नांगराला लागलेला तोफगोळा होता, ते तो दाराला टेकण म्हणून लावायचे."

मग ती वळली आणि झाडांपलीकडच्या लिफी नदीकडे तिनं बोट दाखवलं.

"आणि तुमच्या शहराचं आयरिश नाव काय? बाल्य आहा क्लीअ. रोज बसवर वाचता. ताट्या टाकलेल्या उताराचं गाव! राजवाडा, किल्ला, कॅथेड्रल, पूल सगळे नंतर आले. आधी कुणीतरी फांद्यांच्या विणलेल्या ताट्या चिखलात टाकल्या आणि पलीकडे गेलं. उताराच्या गावात जन्मलेल्या माणसाला केळणेचा उतार सापडला नसता, तरच नवल!"

म्हातारेबुवांनी एवढ्या जोरात "जीझस!" म्हटलं, की पलीकडे शर्यतीत धावणाऱ्यांनी वळून पाहिलं. मग सगळेच बोलू लागले. कुणी केळणेचं स्पेलिंग विचारलं, कुणी विचारलं की हरलेल्यांचं पुढे काय झालं. सुलेखा एकेकाला बोट दाखवून बोलायला लावत होती आणि मधे तोंड घालणाऱ्याला थांबवत होती. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. ओर्लानं घड्याळ पाहिलं आणि बाही खाली ओढून घेतली. ड्रायव्हरसुद्धा खाली येऊन ऐकत होता.

मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. माझे डोळे भरून आले, आणि ते मी पुसले नाहीत.

परत निघताना ओर्लानं तिला सगळ्यांसमोरच सांगितलं, "बॅज पोस्टानं येईल. पण आज तू पास झालीस, आणि सत्तर वर्षं इथे राहणाऱ्याला त्याचं गाव दाखवलंस." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुलेखा नुसती "थँक यू" म्हणाली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. "अहो," ती हळूच म्हणाली, "हरणं राहिलीच सांगायची."

नदीकाठी बस थांबली. म्हातारेबुवा उतरायला उठले, तशी सुलेखाही उठून दारापाशी गेली. आता ती गाईड होती. बुवांनी टोपी काढली आणि म्हणाले, "थँक यू, मुंतोर."

इथल्या शाळेत पोरं शिक्षिकेला अशी हाक मारतात. भोकरदनला तिला सगळे 'बाई' म्हणत. चौदा वर्षांत त्या हाकेनं तिला कुणी बोलावलं नव्हतं.

सुलेखानं बुवांच्या कोपराला हात दिला आणि वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सावकाश उतरा. पायरी उंच आहे."