फोन उचलायचा न्हाई

नजीर चाचा ऑफिसात आले तेव्हा मी हेड ऑफिसच्या कुणावर तरी फोनवरून डाफरत होते. ते टोपी हातात चुरगाळत दाराशीच उभे राहिले. लोहा ते नांदेड काळी-पिवळी जीप चालवणारे हे चाचा, लोह्यातल्या आमच्या घराला त्यांचं घर लागून. कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांच्याच जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून नांदेडला आले.

"सुकन्या बेटी, माझा मिस कॉल जाऊनच नाही राहिला," ते म्हणाले.

"अजून मिस कॉल देता तुम्ही, चाचा?"

"मंग काय करू? साबेराला आता ऐकू येत न्हाई. पोलक्यात फोन थरथरला की कळतं तेवढं. तिच्याशी फोनवर बोलू काय?"

साबेरा चाचीला जाणारे ते मिस कॉल मी कसे विसरेन? सोनखेड आलं की चाचा एक द्यायचे, वडेपुरीचा घाट ओलांडला की एक आणि नांदेडच्या लातूर फाट्यावर जीप थांबली की एक. आखूड वाजवून कट. चाचीनं उचलायचा नाही, हा पक्का कायदा. फोन तिच्या पोलक्यात असायचा. गल्लीतल्या ज्या बायकांच्या पोरी जीपमध्ये असायच्या त्या कामधंदा सोडून चाचीच्या भिंतीशी घुटमळायच्या. माझी आई त्यात पहिली. "पोचली का गं माझी?" ती भिंतीवरून विचारायची आणि चाची पोलक्यावर हात ठेवून मान हलवायची. मग आई घरात जाऊन चहा टाकायची. हे सगळं मला सुट्टीच्या दिवशी घरी असताना दिसायचं, आणि आईचा मला राग यायचा. मी काय कुक्कुलं बाळ होते?

माझं आताचं काम काय, हे आईला मी शेवटपर्यंत समजावू शकले नाही. पूर्वी टॉवरचं सगळं सामान एकाच कंपनीचं असायचं. आता जाळं खुलं झालंय. अँटेना एकाची, खालचा डबा दुसऱ्याचा आणि दोघांवर हुकूम चालवणारं सॉफ्टवेअर तिसऱ्याचं. ते तिसरे आम्ही. गाडीतला फोन एका टॉवरच्या हद्दीतून बाहेर पडला की त्याला अलगद पुढच्याच्या हवाली करायचं, आणि कुणाला काय करू द्यायचं, काय नाही, त्याचे नियम लावायचे. "म्हंजे नाक्यावरचा जमादार हायस तू," आई म्हणायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. याहून चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मी चाचांचा नंबर टाकला आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली. फसवणुकीचे कॉल करणारी यंत्रं पकडायला वरून नवा नियम आला होता. फोन सतत जागा बदलतो, त्याचे कॉल कुणी उचलायच्या आत कट होतात, आणि हे रोज एकाच ठरावीक पद्धतीनं चालतं, तर तो माणूस नव्हे, यंत्र. त्याचे जाणारे कॉल बंद.

"चाचा, सिस्टिम तुम्हाला यंत्र समजली."

"एवढी वर्षं जीप चालवून तेच तर झालो," ते म्हणाले. पण हसले नाहीत. "बेटी, साबेरा म्हणून राहिली, जीप इका. सोनखेडचा कॉल आला न्हाई की तिला घास उतरत न्हाई. काल दिवसभर उन्हात उभी होती दारात. खरं सांगतो, इकावीच लागंल. आन् घरात बसलो तर मी जगत न्हाई."

नियम मोडणं माझ्या हातात नव्हतं. एक दार होतं. मी त्यांचे कॉल संध्याकाळपर्यंत सोडू शकत होते. तेवढ्यात समोरच्यानं फोन उचलून नीट बोलणं झालं, तर सिस्टिम त्यांना माणूस मानणार होती.

"लावा चाचीला. उचलेपर्यंत वाजू द्या."

"ती उचलायची न्हाई, बेटी. आन् लांब..."

"लावा म्हटलं ना!"

त्यांनी लावला. पूर्ण वाजून बंद झाला. मी पुन्हा लावायला लावला, मग पुन्हा. तिसऱ्यांदा चाचांनी फोन टेबलावर ठेवून दिला.

"लांब वाजला म्हंजे गाडीला कायतरी झालं, असं ठरलंय आमचं," ते हळूच म्हणाले.

"आणि हे आत्ता सांगताय?"

"सांगतच होतो. पण तू बोलाया लागलीस की तुझी आई आठवते. तिच्यापुढं तरी कुठं तोंड उघडायची सोय होती?"

त्यांनी घाईनं एक आखूड दिला. पण घाबरलेल्या माणसाला लांब काय नि आखूड काय. दहाएक मिनिटांत माझ्या स्क्रीनवर चाचीच्या फोननं लोह्याचा टॉवर सोडला. कुणाचा फोन कुठे आहे हे बाहेर सांगायची आम्हाला सक्त मनाई आहे. मी सांगितलं.

"चाचा, चाची निघालीय. फोन सोनखेडच्या टॉवरवर आला."

चाचा खुर्चीत बसले. "तिला रस्ता वलांडता येत न्हाई एकटीला. हॉर्न ऐकू येत न्हाई तिला."

सोनखेडनंतर घाटात रेंज जाते. तेव्हाही जायची, एवढे नवे टॉवर होऊनही जाते. चाचीचा फोन स्क्रीनवरून नाहीसा झाला. चाचा उठले, बसले, पाणी मागितलं आणि प्यायले नाहीत. मी पुन्हा पुन्हा चाचीचा नंबर टाकून पाहत राहिले. आई भिंतीशी उभी राहायची तेव्हा तिचंही हेच व्हायचं, हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते जिला सांगावं ती आता नव्हती.

"रोज असंच होत असंल का गं तिला?" चाचांनी विचारलं.

वडेपुरीच्या टॉवरनं फोन पकडला तशी मी चाचांना मागं बसवून स्कूटर काढली.

लातूर फाट्यावर चाची दुसऱ्या एका जीपमधून उतरली ती अनवाणी, हातांना पीठ तसंच वाळलेलं. चाचांची जीप तिथं उभी होती. तिनं आधी जीपला पूर्ण फेरी मारली, चाकं पाहिली, काच पाहिली. मग चाचांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"चाचा, लावा फोन! आत्ता!" मी ओरडले.

चाचीच्या पोलक्यात फोन थरथरला. तिनं तो काढला, समोर उभ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि सवयीनं म्हणाली, "उचलायचा न्हाई."

चाचांनी हात जोडले. मीही जोडले. चाचीनं बटण दाबलं, फोन उलटाच कानाला लावला आणि उरलेला सगळा राग त्यात ओतला. "या अल्ला! गाडीला ओरखडा न्हाई आन् लांब लांब वाजवून राहिलात? माझा जीव घ्यायचा हाय का? भाकर जळून राहिली असंल तिकडं तव्यावर!" फाट्यावरचे ड्रायव्हर चहा हातात धरून ऐकत राहिले. चाचा आपल्या फोनमध्ये म्हणत होते, "हाव... हाव... चुकलं." मी ऑफिसात परतले तेव्हा लाल पट्टी गेली होती. यंत्राला असं कुणी बोलत नाही, एवढं सिस्टिमलाही कळलं असावं.

नियमाला मात्र अधूनमधून नवा पुरावा लागतो. म्हणून आता दर शुक्रवारी चाचा-चाची एकाच ओट्यावर बसून एकमेकांना फोन लावतात. जीप चालू आहे.

मी नांदेडात एकटी राहते. आई गेल्यापासून मी पोचले का, हे विचारणारं कुणी नव्हतं. त्या दिवसानंतर मला काय वाटलं कोण जाणे, संध्याकाळी कुलूप उघडलं की मी चाचीला एक आखूड मिस कॉल द्यायला लागले. ती उचलत नाही.

परवा ऑफिसात इतकी कटकट झाली की घरी येऊन तशीच आडवी झाले. कॉल द्यायचा राहिला. डोळा लागला तोच फोन वाजला. वाजतच राहिला, लांब. चाचीचा नंबर.

उचलला. पलीकडून चाची मोठ्यानं विचारत होती, "पोचली का गं माझी?"

"पोचले, चाची, पोचले!" मी ओरडले. ती पुन्हा तेच विचारत राहिली. तिला कुठून ऐकू येणार? मी डोळे पुसले, फोन कट केला आणि तिला एक आखूड दिला.