माझ्या कडव्याला कुणी खोकलं नाही

चर्चमध्ये टाळ्या वाजवायला बंदी. मग व्हेनिसच्या लोकांना गाणं आवडलं की ते काय करायचे? खोकायचे. नाकं शिंकरायचे, पाय घासायचे. आम्ही अनाथाश्रमाच्या मुली जाळीआडून गायचो आणि पलीकडून खोकल्याचा आवाज आला की खूश व्हायचो. परगावच्या पाहुण्यांना वाटायचं, या गावाच्या छातीतच काहीतरी बिघाड आहे.

माझा आवाज ढाला, अगदी पुरुषी. आमच्यात पुरुष गायला चालत नसत, म्हणून आम्हाला गाणं शिकवणाऱ्या पेलेग्रीनाबाईंनी मला आश्रमाच्या धुणीघरातून उचलून खालच्या पट्टीत बसवलं. वरच्या पट्टीची राणी होती जुआना. ती म्हणायची, "ऑर्सोला गायला लागली की वाटतं, गोठ्याचं दार उघडं राहिलंय."

आमचे विश्वस्त मार्कांतोनियोसाहेब, त्यांचंही मत तसंच. आमच्या मास्तरांनी सायंप्रार्थनेच्या स्तोत्राला नवी चाल बांधली होती. त्यातलं शेवटचं कडवं, राजा वाटेतल्या ओढ्याचं पाणी पिऊन मान वर करतो ते, त्यांनी एकट्या माझ्या आवाजाला दिलं. साहेबांनी बजावलं, "रविवारी लोकांना आवडलं तर ठीक. नाहीतर ही पोरगी परत धुणीघरात."

धुणीघर म्हणजे काय ते मला विचारा. हिवाळ्यात बोटं फुटून रक्त यायचं आणि तेच हात परत गार पाण्यात घालायचे. त्या रविवारपर्यंत मी दिवसरात्र तेच कडवं घोकत राहिले.

त्यात फेब्रुवारीचं धुकं, अख्खं गाव पडशानं बेजार. मी बाईंना म्हटलं, "बाई, खोकणार तर सगळेच. मग आवडलं की नाही ते कळायचं कसं?"

"तू गा मुकाट्यानं. कान माझ्याकडे आहेत."

स्तोत्र सुरू झालं. पहिल्या सुरापासून खोकला. जुआनाच्या कडव्याला तर अशी खोंखों झाली की ती माझ्याकडे बघून हसली. मग ओढ्याचं कडवं आलं. मी तोंड उघडलं आणि चर्च चिडीचूप झालं. एक खोकला नाही, की साधं नाक ओढणं नाही. संपलं सगळं, असं मनात म्हणत मी शेवटच्या सुरापर्यंत कशीबशी पोचले. मग शेवटी देवाचा जयजयकार आम्ही सगळ्यांनी मिळून गायला. तो संपताच लोकांनी खोकून खोकून चर्च डोक्यावर घेतलं. पण तो खोकला सगळ्यांसाठी होता, त्यात माझं काय?

"तुझ्या वेळी कुणी नाकसुद्धा शिंकरलं नाही गं," जुआना कानाशी पुटपुटली.

प्रार्थना संपल्यावर बाईंनी आम्हा दोघींना भेटीच्या खोलीत नेलं, तिथे साहेब आले. त्यांचा चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला होता. बोलायला तोंड उघडलं आणि अशी उबळ आली की भिंतीला धरून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"अहो बाई," ते धापा टाकत म्हणाले, "हिचं कडवं सुरू झालं आणि नेमकी माझ्या घशात खवखव! रुमाल कोंबला तोंडात. शेजारी बायको, तिनं माझी शाल चावून धरली. सगळ्या बाकांवर तीच गत."

"कशासाठी एवढं?"

"कशासाठी म्हणजे काय? ऐकायचं होतं ना आम्हाला!"

"मग धुणीघराचं काय?" बाईंनी विचारलं.

"धुणीघर कसलं घेऊन बसलात! पुढच्या रविवारीही हीच गाणार."

मी मटकन खाली बसले आणि पोटभर रडले. एवढं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं. नाक तर धो धो वाहत होतं. जुआनानं आपला रुमाल माझ्यापुढे धरला.

"घे, शिंकर," ती म्हणाली. "माझ्या वेळी मेले मनसोक्त खोकले."