ससाण्याचा निवाडा

त्या दिवशी माझ्या शिवणकामाच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. दारात, खिडकीत, कापडाच्या ताग्यांवरसुद्धा माणसं चढली होती. गावात आलेल्या एका साधूबाबांच्या मुठीवर ससाणा होता आणि तो म्हणे चोर ओळखायचा.

माझ्या वडिलांच्या हातची कात्री नाहीशी झाली होती. बाबांना बोलावणारा शहाणा मीच.

"पापाला वास असतो, मालक!" बाबा गरजले. "तुम्हाला येणार नाही, माझ्या पाखराला येतो!"

मी भक्तिभावाने नाक ओढून पाहिलं. जळक्या इस्त्रीचा आला.

कामगारांच्या पाठीवरून आशीर्वादाचा हात फिरवून बाबांनी ससाणा सोडला. तो थेट काजं करणाऱ्या मावशींच्या खांद्यावर बसला. लोकांनी हात जोडले. बत्तीस वर्षं इथे काम केलेली ती बाई समोर उभी, आणि ओठांवर कायम देवाचं नाव असलेला मी म्हणालो, "मावशी, उद्यापासून येऊ नका."

"अहो, थांबा!" कोटाचं माप द्यायला आलेले जनावरांचे डॉक्टर पुढे झाले. "याचं नाक जेमतेम. निमुळते पंख झेपेसाठी, वाकडी नखं पकडीसाठी. पण सावज हेरतात ते डोळे. याला वास नाही आला, काहीतरी दिसलंय."

त्यांनी मावशींच्या खांद्यामागून एक लाल चिंधी उचलली आणि खिशात घातली.

"अशाच चिंधीला मांस बांधून शिकवलंय याला. बाबा, आता पुन्हा सोडा."

"पाखरू दमलंय."

"पाखरू की तुम्ही?" इस्त्रीवाला म्हणाला.

लोक हटेनात. शेवटी ससाणा सुटला आणि माझ्याच मनगटावर आदळला. तिथे टाचण्यांची लाल मखमली उशी बांधलेली होती. टाचण्या त्याला टोचल्या नाहीत, नखं मात्र मला टोचली.

"मालकच चोर!" दुकान हसून लोळलं. त्या गोंधळात बाबा पाखरासकट पसार.

मी मावशींपुढे हात जोडले. "चुकलो."

त्या डोळे पुसत म्हणाल्या, "पाखराला विचारलंत, मालक. मला एकदा तरी विचारलंत, कात्री पाहिलीत का म्हणून?"

नव्हतं विचारलं, आणि कात्री नीट शोधलीही नव्हती. देवाचं भजन मी पुढेही गाईन. पण शोधायचं आणि विचारायचं सोडून चमत्काराची वाट पाहणं ही भक्ती नव्हे, निव्वळ आळस. कुणावर आळ घेण्याआधी डोळे उघडून पाहा, आणि आधी त्या माणसाला विचारा.